लांडगीचा वाटा

प्रांजल कराडात स्कूटरवरून पार्सलं वाटायची, आणि पौर्णिमेला अंगावर चांदणं पडलं की तिची लांडगी व्हायची. यात जगावेगळं काही नाही. कुणाला अर्धशिशी असते, कुणाला सासू. दोन बादल्या पाणी ओतून घेतलं की ती परत माणसात यायची, ती थेट पुढच्या पौर्णिमेपर्यंत. मधल्या वेळात तिनं कराडकरांची पुष्कळ कामं केली होती. साखळीचोर पळवून लावले. स्टँडवर पोरींची छेड काढणाऱ्या दोघांना तर असं पिटाळलं की ते संगमावर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून देवाचा धावा करत होते.

घरी मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचे आबा, बिराप्पा, माण तालुक्यातले मेंढपाळ. मेंढपाळाच्या पोटी लांडगी! कळलं तर आबा आपल्याला मेंढरांजवळ उभं करणार नाहीत, एवढी एकच भीती या बेडर पोरीला होती.

दिवाळीनंतर आबांनी कराडजवळच्या एका रानात खतासाठी मेंढरं बसवली. प्रांजल सुट्टी काढून भेटायला गेली आणि पंचांग बघायला विसरली. दिवस मावळताना आबा ओढ्याकडे गेले, तेवढ्यात दोन चोर पिकअप घेऊन आले आणि मेंढरं उचलून आत टाकू लागले. ती ओरडली, तर ते हसले. पूर्वेला चंद्र वर येत होता. शेजारच्या उसात दडी मारली असती तर चांदणं चुकवता आलं असतं, पण गाडी सुरू झाली आणि आतलं एक मेंढरू केविलवाणं ओरडलं. मग कसली दडी!

पिकअप बांधाला लागायच्या आत ती बॉनेटवर होती, काचेला नाक लावून दात दाखवत. चोरांनी गाडी सोडली, चपला सोडल्या आणि धूम ठोकली. एक जण तर पळता पळता तिला ‘मॅडम, सॉरी’ म्हणाला. मेंढरं उड्या मारून उतरली आणि तिच्या पायांत घुटमळू लागली. लहानपणापासून तिच्या हातचं खाल्लेली ती, वासावरून ओळखणारच. तिनं मान वर केली, तर समोर काठी घेऊन आबा उभे.

लांडगी उसात घुसली. विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली भिजून, आबांचं घोंगडं लपेटून प्रांजल कुडकुडत परतली, तेव्हा ते बांधावरच्या बाभळीला एक कोकरू बांधत होते. सगळ्यांत गुटगुटीत.

“हे काय, आबा?”

“लांडग्याचा वाटा. एक कोकरू त्याचं, आसं बापजाद्यापासनं धरतोय आपण. आन आज तर हिनं समदी मेंढरं राखली. उपाशी कशी धाडायची?”

कोकरू बें बें करत होतं. गप्प बसावं तर गुपित राहत होतं. पण उसात बिबटे काही कमी नव्हते.

“सोडा त्याला, आबा,” ती म्हणाली. “मला नको.”

आबांनी तिच्या ओल्या केसांकडे बघितलं. तिच्या पायांशी आलेल्या मेंढरांकडे बघितलं. मग वाकून कोकराची गाठ सोडली.

“आन मग दर पुनवंला,” त्यांनी विचारलं, “जेवतीस कुठं गं तू?”