फ्लॅटमागे आठशे

“म्हणजे ही वंदना माझ्या मुलापेक्षा जास्त कमावते?” चेअरमनसाहेब असे गरजले की सोसायटी ऑफिसातला पंखा क्षणभर उलटा फिरला.

मी कामोठ्यातल्या त्या सोसायटीचा मॅनेजर. साहेबांनी गेटचं रजिस्टर चाळून शोध लावला होता. भांडी घासणारी वंदना अकरा घरी जाते, महिन्याला बारा हजार घेते. मुलगा डिग्री घेऊन कॉल सेंटरला लागलेला, त्याला अकरा हजार.

“मग पाठवा त्याला अकरा घरची भांडी घासायला,” मी ठणकावून सांगितलं. मनातल्या मनात. माझ्या पगारावरही सही त्यांचीच.

या धंद्यात पगार ‘कामा’वर ठरतो. भांडी एक काम, झाडू-लादी दुसरं, कपडे तिसरं. पण खरा भाव माणसं मोजून. दोघांच्या घरी भांड्यांचे सातशे. साहेबांकडे नऊ माणसं आणि रोज मच्छी. सिंकमधला ढीग कर्नाळ्याच्या सुळक्याला वाकुल्या दाखवायचा. तिथे वंदना पंधराशे घ्यायची.

“नोटीस काढा. भांड्यांचे सरसकट आठशे. जास्त कोणी द्यायचे नाहीत.”

“माणसांप्रमाणे की फ्लॅटप्रमाणे, साहेब?”

“फ्लॅटप्रमाणे! सगळे सारखे.”

इतक्या आनंदाने मी आयुष्यात काही टाइप केलं नव्हतं.

वंदना उरणकडची कोळीण. नोटीस लागली तशी ती ऑफिसात आली. “मॅनेजरभाऊ, साहेबांच्या घरचे सातशे गेले. पोरीच्या क्लासची फी त्याच पैशांत भरतंय मी. आता काय करू?”

“मी काय बोलणार? फक्त नीट वाच. फ्लॅटमागे आठशे. कुठला फ्लॅट घ्यायचा, ते लिहिलेलं नाही.”

ती बोर्डाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “बी विंगला नवरा-बायकोच राहतात, अशी घरं किती हायत?”

“चौदा. एका घरात तर गॅस पेटतच नाही. रोज पार्सल.”

एक तारखेला वंदनाने साहेबांचं घर सोडलं आणि दोन छोटी घरं धरली. बाकीच्या कामवाल्या बायकांनीही साहेबांच्या दाराला लांबून नमस्कार केला.

चौथ्या दिवशी साहेब ऑफिसात आले. हाताला बोंबलाचा वास, त्यावर लिंबाच्या साबणाचा.

“बोलवा तिला.”

वंदना दारातच उभी राहिली. “टाइम नाय, साहेब.”

“पंधराशे देतो, बाई!”

“आठशेच्या वर कसं घेऊ? नोटीस हाय ना.”

साहेबांनी स्वतःच्या हाताने नोटीस फाडली. तुकडे डस्टबिनमध्ये पडायच्या आत वंदना म्हणाली, “नऊ मान्सं, सोळाशे. आनि मच्छीची कढई आदी भिजवून ठेवायची.”

साहेबांनी मान हलवली. क्लासची फी वेळेवर भरली गेली.

धडा एवढाच. दुसऱ्याच्या कामाचा भाव ठरवण्याआधी एक दिवस सिंकसमोर उभं राहावं. ते जमत नसेल, तर निदान नोटीस तरी स्वतः टाइप करावी.