अंधाऱ्या खोलीतला आवाज

सिस्टरबाईंना 'थँक्यू' म्हटलेलं खपायचं नाही. कोणी हात जोडले की त्या सरळ पाठ फिरवायच्या. राहायच्या डहाणूला, मसोलीत. तलासरीत नर्स म्हणून जन्म काढलेला, त्यामुळे अर्ध्या गावाला त्या ख्रिश्चन वाटायच्या. होत्या बेने इस्राएल, मूळच्या अलिबागकडच्या. आमच्या भागातलं एकुलतं एक यहुदी घर. "वाटू दे रे," म्हणायच्या, "शनिवारी मला कोणी कामाला लावलं नाही म्हणजे झालं."

त्यांच्या घरामागे एक बिनखिडकीची खोली होती. शुक्रवारी दुपारी तिचं दार उघडायचं. आत फळीवर एक पत्र्याचा डबा. लोक एकेक करून मूठ मिटून आत जायचे आणि मूठ मिटूनच बाहेर यायचे. कोणी टाकलं, कोणी काढलं, कळायला मार्ग नाही. त्यांच्यात दानाला त्सदाका म्हणतात, आणि यरुशलेमच्या जुन्या मंदिरात अशी खोली होती, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं. "मी दिलं हे कळलं, की तो रस्त्यात मला बघून मान खाली घालणार," त्या म्हणायच्या. "चार पैशांत माणसाची मान विकत घ्यायची का?"

मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? अंधारात चाचपडत डब्याला हात लावला, तर पत्रा आधीच्या माणसाच्या हाताने अजून कोमट होता.

पुढे लोकांच्या खिशात सुटे पैसेच राहिनात. डबा रिकामा वाजू लागला. माझं स्टेशनजवळ मोबाईलचं दुकान. सिस्टरबाईंनी येऊन काउंटरवर छत्री आपटली. "मोबाईलवाले, आमच्या खोलीला तुमचा तो कोड लावा." देणाऱ्यांची नावं त्यांना बघायची नव्हती, म्हणून कोड माझ्या दुकानाच्या खात्याचा. मला मात्र शपथ घातली: शुक्रवारी फोन पालथा ठेवायचा, नंतरही नावं चाळायची नाहीत, जमलेल्या पैशांच्या नोटा काढून डब्यात आणून टाकायच्या. त्या भिंतींत रेंज येते-जाते, मग पैसे पोचले हे कळायला बोलणारा स्पीकर हवाच, हा हट्टही त्यांचाच. कोड दिसावा म्हणून मी लाल झिरोचा बल्ब लावला. खोली आणखीच भयाण दिसू लागली.

पहिल्या शुक्रवारी सरावलीचा दूधवाला आत गेला. "पन्नास रुपये प्राप्त झाले," आतून बाईचा आवाज आला. रांग हसली. त्याच्यामागचे मास्तर गेले, शंभर. मग झरीची एक बाई गेली. आवाज नाही. रांग हळूहळू गप्प झाली, कारण आत काय चाललंय ते सगळ्यांना एकदमच कळलं. ती मूठ छातीशी धरून बाहेर आली आणि सगळे तिच्याकडे बघत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तिच्या पोरीला फिट्स यायच्या. गोळ्या ती माझ्या शेजारच्या मेडिकलमधून न्यायची. नंतर ती यायचीच बंद झाली. मी सिस्टरबाईंना म्हटलं, "बाई, रिक्षा करतो, झरीला जाऊन येऊ." त्या उसळल्याच. "आणि काय सांगू तिला? मला सगळं माहितीये म्हणून? या दारात पुन्हा पाऊल ठेवेल का ती?"

"मग स्पीकर काढून टाकू."

"आता काढला, तर तिच्यामुळे काढला म्हणतील."

गोळ्या त्यांनी त्या वेळेपुरत्या झरीच्या आशाताईकडून पाठवल्या, दवाखान्यातून आल्यात असं सांगून. पण हे कायम कसं चालणार?

आणि मग स्पीकर सगळ्यांसाठीच बोलू लागला. न देणारा माणूस आत असला, तरी "तीस रुपये प्राप्त झाले!" डब्यात हात, आणि कानाशी ती बाई बोलते! लोक पांढरेफटक होऊन बाहेर यायचे. सिस्टरच्या खोलीत कोणीतरी बसलंय, ही बातमी पार तलासरीच्या बाजारात पोचली. एक दिवस झरीची बाई आली. ती आत असताना आवाज झाला, आणि ती मान वर करून बाहेर आली. मी सिस्टरबाईंना विचारलं, तर त्यांनी भिंतीवरच्या एलियाहू हन्नाबीच्या, त्यांच्या जुन्या प्रेषिताच्या, तसबिरीकडे बोट केलं. "पूर्वी कोकणात येऊन गेलाय तो. वाट माहितीये त्याला."

एकदा मी पाणी प्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो. बाई खोलीच्या भिंतीला कान लावून बसलेल्या, अंगठा मोबाईलवर. आत शांतता लांबली की आपल्या पेन्शनीतून काहीतरी पाठवायच्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सूर्य कलला, शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीचा दिवा लावायची वेळ झाली, तेव्हा फोन कपाटात गेला.

गेल्या पावसाळ्यानंतर सिस्टरबाई गेल्या. भाच्याने दफनासाठी अलिबागकडे नेलं. घराची चावी माझ्याकडे आली.

पुढच्याच शुक्रवारी मी त्यांच्या जागी जाऊन बसलो, बायकोचा फोन घेऊन. माझा फोन ओट्यावर पालथा. झरीची बाई आत गेली. कडी वाजली. मी पैसे पाठवले. स्क्रीनवर ते चक्र नुसतं गरागरा फिरत राहिलं. बाहेर रांग गप्प होत चालली, पहिल्यासारखीच. "बाई, काहीतरी करा हो," मी चक्क भिंतीला म्हणालो.

"चाळीस रुपये प्राप्त झाले."

बायकोच्या फोनवर लाल अक्षरं आली: व्यवहार अयशस्वी.

मी धावत बाहेर गेलो. झरीची बाई ताठ मानेने निघून जात होती. रांगेत सगळ्यांच्याच हातांत फोन होते, आणि प्रत्येक जण भलतीकडेच बघत होता. स्वयंपाकघरात परत आलो. माझा फोन उलटला असता तर नाव दिसलं असतं. हात पुढे गेलासुद्धा. पण मग कोणालातरी थँक्यू म्हणावं लागलं असतं. फोन तसाच पालथा ठेवला आणि पुढच्या कडीची वाट बघत भिंतीला कान लावला.