आठवी काच

भुतंखेतं, अंगात येणं असलं मी कधी मानलं नाही. आमच्या घरी बुद्धवंदना, नवस-उतारे बंद. तरी हे लिहितेय... पटलं तर बघा.

ऐंशी साल उजाडायच्या थोडं आधीची गोष्ट. महाडच्या एका लहान दवाखान्यात मी तपासणीच्या काचा धुवायला होते. शाळा चौथीपर्यंत, पण बघून बघून शौचाची तपासणी शिकले. काचेवर थेंब पसरायचा, वाळला की स्पिरिटच्या दिव्यावरून फिरवायचा, वर लाल रंग ओतायचा, धुवायचा. मग टेक्निशियन भाऊ मायक्रोस्कोपखाली बघायचे. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू असले की स्वल्पविरामासारखे वाकडे, लाल-लाल दिसायचे.

त्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. पंधरा दिवस पाठ टेकली नव्हती. एका दुपारी वरंधच्या वरच्या वाडीतला म्हातारा सात बाटल्या घेऊन आला, घरच्या नि शेजारच्या पुरुषांच्या, पोरांच्या. मी काचा केल्या, नंबर घातले, रंगवल्या.

थोड्या वेळानं भाऊ ओरडले, "मावशी, आठवी कुणाची? हिच्यात तर जंतूच जंतू!"

"आठवी कुठली? बाटल्या सातच हायत."

"मग हा आठ काय माझ्या आजीनं काढला?"

आकडा माझ्याच हातचा... जुनी काच धुवायची राहिली म्हणावं, तर लाल रंग अगदी ताजा. थकव्यात चुकले म्हणावं, तर सातही काचा जागच्या जागी.

म्हातारा बाहेर बाकावर बसलेला. विचारलं, "बाबा, घरात अजून कोण आजारी हाय?"

त्यानं मान खाली घातली. "सून हाय गो. परवापास्नं. पण बाईमाणसाचं ते बाटलीत भरून सासऱ्यानं कसं आणायचं? लाज वाटली."

"आणि मेली असती म्हणजे? लाज काय तिरडीवर बांधणार होतात?"

डॉक्टरांनी लगेच जीप पाठवली. आणली तेव्हा तिचे डोळे खोल गेलेले, नाडी लागेना. सलाईनवर सलाईन लावलं... वाचली बिचारी.

तिची काच बघून जीप पाठवली, हे भाऊंनी तिला सांगितलेलं. घरी जाताना माझा हात धरून म्हणाली, "मावशी, मी तर कुणाला काय दिलं नव्हतं. माझी बाटली आणली कुणी?"

"सासऱ्यानं," मी म्हटलं.

बाई रडायलाच लागली. म्हणाली, "मला वाटलं, त्यांना माझी फिकीरच नाय."

खोटं बोलले मी. पण खरं काय सांगणार होते? ते मलाच आजवर कळलेलं नाय.