पाट्या वाचणारे डॉक्टर

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं! अमरधामच्या स्मशानातून आलो, आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच टाइप करायला बसलोय.

आमच्या बिल्डिंगमध्ये खाली दवाखाना असलेले मानसोपचाराचे डॉक्टर गेले. गंगापूर रोडला समोरून पेशंट आला की हे एकदम दुकानांच्या पाट्या वाचायला लागायचे! पेशंटनं हाक मारली तरच हसायचे. "आधी त्यांनी ओळख द्यायची, मग मी," म्हणायचे.

पूर्वी ते घोटीला साधे ताप-खोकल्याचे डॉक्टर होते. निम्मे पेशंट पोटदुखी सांगायचे आणि मग रडायचे. म्हणून हे चाळिशीत पुन्हा शिकायला गेले! बरी झालेली माणसं पुढं कशी जगतात, यावर त्यांचं संशोधन चालायचं. निफाडला पेशंटची चौकशी करायला जायचे, पण शेजाऱ्यांना संशय नको म्हणून द्राक्षांचं गिऱ्हाईक बनून. घरभर पेट्या! डॉक्टरीणबाई ओरडायच्या, "अहो, तुमचं संशोधन सडायला लागलंय!"

माझ्या ताईला बारावीनंतर जगणंच नको झालं होतं. तिला त्यांनीच बरं केलं. आईनं बाहेर कुणाला कळू दिलं नाही.

पुढं ताईचा साखरपुडा ठरला. मुलगा घोटीचा. आणि मुलाकडून पाहुणे कोण? त्यांचे जुने, म्हणजे आमचेच डॉक्टर! आईला वाटलं, आता लग्न मोडतंय!

ताईची होणारी सासू ओटी भरायला तांदळाची ओंजळ घेऊन उभी. म्हणाली, "या डॉक्टर, आमची सून बघा."

डॉक्टर हॉलच्या नियमांची पाटी वाचायला लागले. "नमस्कार. काय शिकलात आपण?"

ताईला हसूच फुटलं. "डॉक्टर, पुरे की! काकू, मी यांची पेशंट होते. दोन वर्षं गोळ्या घेतल्यात. तुमच्या मुलाला माहितीये, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

काकू डॉक्टरांकडे वळल्या. ओंजळ तशीच.

"मग आता बरी आहे का हो ही?"

"तिलाच विचारा ना," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी विचारलं नाही. ताईकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पदर नीट धर गं, तांदूळ सांडतील."

आज ताई घोटीहून आली, सासूबाईंना घेऊन. अमरधामला केवढी माणसं! सगळी सुटी-सुटी उभी. कुणीच कुणाला विचारलं नाही, तुमची त्यांची ओळख कशी म्हणून.

तुमच्या गावात होतं का हो असं कुणी? रस्त्यात ओळख न देणारं, आपलं माणूस? सांगा ना!