सुखदेवच्या गंजाची कल्हई

भूत, भानामती, करणी... असल्या गोष्टीले मी उभ्या आयुष्यात मान दिला नाई. आजबी देत नाई. हसायचं त्यानं हसावं. पण हे लिहिल्याबगर मले मरायचं नाई.

मी कल्हईवाला. शाळा चौथीतच सुटली, पण हाताले तोड नव्हती. मूर्तिजापूरले स्टेशनाच्या अलीकडं, निंबाखाली माझा भाता. पितळेचं भांडं तापवायचं, नवसागर मारायचा, कथलाची कांडी टेकवायची अन् कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. भांडं धरते तेवढंच कथील ठेवायचं, बाकी पुसून घ्यायचं. थर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ! पण तेवढ्यानंच आंबट अन् पितळ एकमेकाले भेटत नाई. नाई तं कढी कळकते, खाणाऱ्याले ओकाऱ्या. मी डावखुरा, म्हणून माझ्या बोळ्याच्या रेषा तळाशी उलट्या फिरत. लोक पाहूनच माझं काम वळखत.

सुखदेव माझा लहानपणचा दोस्त. संगं पोहलो, संगं बोरं चोरली. पण भांडं आणलं का तो भुईवर ठेवे, अन् मी पाणी शिंपडून उचलू. रीतच तशी होती. मले त्यात वावगं वाटत नव्हतं — खरं तेच लिहितो.

छप्पन साली तो बौद्ध झाला. पुढच्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न निघालं, तं कढीसाठी पितळेचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आला. खाली ठेवला नाई. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरून उभा.

"ठेव ना बे खाली."

"आता खाली नाई ठेवत. हातातून घे."

"काहून? साहेब झाला काय?"

"माणूस झालो. घेतं का नाई?"

गिऱ्हाइकं पाहून राहिली होती. मी मान खाली घालून भाता दाबत राहिलो. लई वेळ उभा होता तो. मग गंज घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी बायकोसंगं, भाता-कथील घेऊन पातूरच्या बाजाराले गेलो. मुक्काम तिथंच. बायको म्हणे, "त्याच्या मांडवात लोकायले कढी बाधली तं? तोंड कुठं लपवसान?" मी भाता-कथील बांधून ठेवलं. लग्नाच्या दिवशी पहिल्या मोटारीनं निघालो, सरळ मांडवात गेलो. गंज चुलीवर चढायचाच होता. आत डोकावलो...

चांदीवानी लखलख. अन् तळाशी रेषा — उलट्या.

"कोणं केली हे?"

सुखदेव हसला. "मस्करी करतं काय बे? काल दुपारी तूच तं आलता. हातातून घेतला, आंगणात बसून केली."

त्याची बायको म्हणे, "दोन कप चहा पेले, भाऊजी. विसरले काय?"

काल दुपारी मी पातूरात होतो. बायको शेजारी होती. भाता माझ्याच पायाशी होता.

तवाच सांगायचं होतं, का बाबा, तो मी नव्हतो. पण सुखदेवनं माझा खांदा धरून साऱ्या मांडवाले सांगितलं, "हा माझा दोस्त. यानं माझ्या हातातून घेतलं." कोणीतरी हार घातला. मी मान वाकवली.

पाच-सहा वर्षांनी सुखदेव गेला. तवरोक त्या दुपारची गोष्ट तो दहा जणायले सांगे, अन् मी बाजूले बसून हूं हूं करू. कोण आलतं, कसं आलतं — मले आजबी समजलं नाई. त्याचं भेवबी वाटत नाई. पण मांडवात गंज समोर होता, सुखदेव समोर होता. "आण, एकडाव माझ्या हातात दे," एवढं म्हणायले मले काय लागत होतं?