बूथची हवा जाते कुठे

उदबत्तीचा धूर माझ्याच तोंडावर आला. पंखा जोरात फिरत होता, आवाज असा की मागच्या खोलीत पिठाची चक्की सुरू केली असं शेजाऱ्यांना वाटावं. धूर मात्र बाहेर जायचं सोडून खोलीतच घुटमळत होता.

उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या घरामागे एक सामानाची खोली आहे. तिथे मी स्प्रे बूथ बांधत होते. स्प्रे बूथ म्हणजे लाकडावर गनने पॉलिश मारायची बंद जागा. गनमधून उडालेलं बरंचसं पॉलिश लाकडाला लागतच नाही, हवेत तरंगतं. त्यात थिनर असतो. तो छातीत जातो, आणि ठिणगी मिळाली की पेटतो. म्हणून एका बाजूने स्वच्छ हवा आत घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने खराब हवा फिल्टरमधून बाहेर ओढायची. ती हवा नीट वाहते की नाही, हे आधी उदबत्तीच्या धुराने बघून घेतात. अर्थात थिनरचा डबा खोलीत यायच्या आधी.

देवासच्या एका फर्निचर कारखान्यात मी अकरा वर्षं फिनिशिंग सुपरवायझर होते. कारखाना दुसऱ्या शहरात गेला, मी नाही गेले. घरीच काम करायचं ठरवलं. सासूबाईंना दमा आहे. त्यांनी एकच अट घातली.

"सीमा, मला घरात थिनरचा वास आला की तुझं काम बंद. मग मी काही ऐकणार नाही."

मला दुसरं काम येत नाही आणि करायचंही नव्हतं. त्यामुळे हा बूथ जमणं भागच होतं.

पंखा बसवायला टावर चौकातले इलेक्ट्रिशियन सलीमभाई आले होते. त्यांनी धूर पाहिला, मग दारं-खिडक्या पाहिल्या.

"मैडम, पंखा तो बराबर खींच रहा है. आपने हवा आने का रस्ता ही नहीं छोड़ा."

खरं होतं. उन्हाळ्यातल्या धुळीच्या धास्तीने मी फट न् फट टेप लावून बुजवली होती. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला हवी, हे मी कारखान्यात नव्या लोकांना शिकवायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

"तो एक कूलर लगा दो," सलीमभाई म्हणाले. मे महिन्यात उज्जैनमध्ये कुठल्याही अडचणीवर हेच उत्तर मिळतं.

कूलर नको होता. त्याची हवा ओलसर, आणि ओल्या हवेत लॅकरचं पॉलिश पांढरट पडतं. पण गच्चीवर आमचा जुना पत्र्याचा कूलर पडून होता, आणि मला त्याचा नुसता डबा दिसायला लागला. पंप काढला, पंखा काढला, टाकी कोरडी केली. तिन्ही बाजूंची घास, म्हणजे पाणी झिरपायचं गवत, काढून तिथे फिल्टरचं कापड ताणून बसवलं आणि डबा खिडकीला जोडला. तीन बाजूंनी हवा गाळून, सावकाश आत यायला लागली.

"पच्चीस साल में कूलर से पंखा निकलवाने वाली आप पहली हो," सलीमभाई म्हणाले.

बाहेर ओढणाऱ्या पंख्याची मोटर मी हवेच्या वाटेबाहेर ठेवली होती, पट्ट्यावर पंखा फिरतो. मोटरीत ठिणगी पडते म्हणून. दिवे काचेपलीकडे, बटणं खोलीबाहेर. पुन्हा उदबत्ती लावली. धूर सरळ रेषेत फिल्टरकडे गेला. मला इतका आनंद झाला की सलीमभाईंना मी दोनदा चहा पाजला.

पहिलं काम नानाखेड्याच्या दिघेकाकांचं होतं. बँकेतून रिटायर झालेले, नजर अजून चेक तपासणाऱ्याची. त्यांचं सागवानी देवघर. मी वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क घातला, कारण कापडी मास्क थिनरला अडवत नाही. पहिला हात मारला आणि पुढच्या खोलीत जाऊन सासूबाईंना विचारलं.

"वास? कसला वास?" त्या म्हणाल्या.

मी फुशारले. संध्याकाळी बूथमध्ये थिनरने गन धुतली आणि मागचं दार उघडलं. सासूबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात माचिस.

"सीमा, इथे वास येतोय गं. माचिस पेटवू की नको?"

मी भिंतीकडे पाहिलं. बूथच्या हवेचा पाईप भिंतीतून जिथे बाहेर निघत होता, तिथून वृंदावन दोन हातांवर. अंगणाला तिन्ही बाजूंनी भिंती. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, अशा जागी ती खालीच साचते. ठिणगी नको म्हणून आत मी साधं बटणही ठेवलं नव्हतं. आणि बाहेर तिन्हीसांजेला रोज दिवा लागतो, हे लग्न झाल्यापासून बघत असून मला सुचलं नव्हतं.

"नका पेटवू, आई. आधी आत चला."

थिनरचा डबा बंद केला, पंखा चालूच ठेवला. आत येऊन त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाले, "तुमची अट होती. काम बंद करते."

त्यांनी हातातलं निरांजन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अट घरातल्या वासाची होती. घरात वास नाही आला. बाहेरचं चुकलं, ते ठीक कर. तुळस हलणार नाही, तुझा पाईप हलव."

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी पाईप गच्चीच्याही वर नेला. मग मी अंगणात कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन वास घेतला, आणि माझ्यामागून सासूबाईंनी. तेव्हापासून चार वाजता गन खाली. त्यानंतर तासभर नुसता पंखा चालतो. दिवा लावायच्या आधी त्या मला विचारतात, आणि मी थिनरचे डबे बंद आहेत ना ते बघून हो म्हणते.

आठ दिवसांनी दिघेकाका आले. देवघर उन्हात ओढून घेतलं, चष्मा काढला, कळसापासून पायापर्यंत तळवा फिरवला. धुळीचा एक कण लागला नाही.

"कुठल्या कारखान्यातून करवून आणलंत?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "आमच्या. मागे आहे, बघून घ्या."

आता कुणी घरी बूथ बांधायचा म्हणून विचारायला आलं, तर मी पंख्याचं माप शेवटी सांगते. आधी म्हणते, एक अख्खा दिवस घराबाहेर बसा आणि कोण कुठे काय पेटवतं ते बघा.