चकतीखालची नावं

बंगळुरात, मल्लेश्वरमच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले आणि स्पिरिट-पॉलिशच्या वासानं डोकं उठलं. समोर टेबल ग्रामोफोन, त्यावर चकचकीत पितळी कर्णा. "शंभर वर्षांचा आहे, अक्का," दुकानदार म्हणाला. अहो, या पेटीला कर्णा नसतोच, आवाज पुढच्या जाळीतून येतो. यानं चक्क लाकडाला भोक पाडून तो बसवला होता.

आमच्याकडे अशीच पेटी होती, बिनकर्ण्याची. एका दुपारी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्या स्प्रिंगला ग्रीस लावलं, तेव्हा टॉर्च मी धरला होता. मग त्यांनी फिरत्या चकतीखालची फळी उलटी केली. पेटी उघडणाऱ्या प्रत्येकानं तिथं पेन्सिलीनं नाव आणि साल लिहिलं होतं. सर्वांत जुनं साल अण्णांच्या जन्माआधीचं. "तूही लिही," ते म्हणाले. मी फुरंगटले. इथं कोण वाचणार? तरी लिहिलं.

"आतली फळी दाखवा," मी दुकानदाराला म्हटलं. फळी कोरी होती, वर नवं व्हार्निश.

"स्वल्प घाण होती, अक्का. पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं. घासून काढलं."

माझा आवाज चढला. "वय सांगणाऱ्यांनाच घासून काढलंत. मग शंभर वर्षं कुणाला विचारून सांगता?"

तो कर्ण्यावरून फडकं फिरवत राहिला.